वाळूत रुतलेले जहाज



वर्तमानपत्रात दूरदेशीची बातमी आली की पुष्कळ जण ते पान उलटून टाकतात. "तिकडे काय का होईना, आपल्याला काय त्याचं?" असे म्हणतात. आज आम्ही तुम्हांला अशीच एक दूरदेशीची बातमी सांगणार आहोत. तिचा आपल्याशी संबंध आहे की नाही, ते ऐकून झाल्यावर तुम्हीच ठरवा.

आधी एक चित्र डोळ्यांपुढे आणा. उसाचा हंगाम चालू आहे. शेतातून गावात यायला एकच पाणंद. दोन्ही अंगांना उंच बांध. पुढचा ट्रॅक्टर घसरला आणि त्याची भरलेली ट्रॉली पाणंदीत आडवी झाली. मागे काय होईल? मागच्या दहा ट्रॉल्या अडतील. तोडलेला ऊस वाळेल, म्हणजे वजन घटेल. डेअरीला निघालेले दूध नासेल. दवाखान्याला निघालेली बाळंतीण वाटेतच खोळंबेल. ट्रॉली एकाची, पण खोळंबा साऱ्या गावाचा.

२३ मार्च २०२१ रोजी नेमके असेच घडले. पाणंद होती सुएझचा कालवा. ट्रॉली होती ४०० मीटर लांबीचे एक जहाज. आणि खोळंबा झाला तो साऱ्या जगाचा.

सुएझचा कालवा कुठे आहे? नकाशा पाहा. आपल्या मुंबईच्या पश्चिमेला अरबी समुद्र आहे. तो ओलांडून पुढे गेले की तांबडा समुद्र लागतो. तांबड्या समुद्राच्या वरच्या टोकाला इजिप्त देश आहे. त्याच्या पलीकडे भूमध्य समुद्र, आणि त्या समुद्राच्या काठाने युरोप. दोन समुद्रांच्या मध्ये वाळवंटाची एक पट्टी होती. ती आडवी येत असे. म्हणून मुंबईहून विलायतेला जायचे, तर जहाजाला साऱ्या आफ्रिका खंडाला वळसा घालावा लागे.

ही पट्टी खोदून दोन समुद्र जोडायचे, असे लेसेप्स नावाच्या एका फ्रेंच गृहस्थाने मनावर घेतले. १८५९ साली खोदाई सुरू झाली. सुरुवातीच्या वर्षांत इजिप्तच्या हजारो शेतकऱ्यांना वेठीला धरून आणले. कुदळ, फावडे आणि टोपली, एवढीच त्यांची हत्यारे. उन्हाने आणि रोगराईने त्यांतले कितीतरी मेले. पुढे वाफेवर चालणारी यंत्रे आली. दहा वर्षांनी, १७ नोव्हेंबर १८६९ रोजी, कालवा खुला झाला. तेव्हा तो १६४ किलोमीटर लांब होता. पुढे वाढवत वाढवत तो १९३ किलोमीटर झाला. अरबी समुद्रातून लंडनला जाणाऱ्या जहाजाचे त्यामुळे जवळजवळ ९,००० किलोमीटर वाचतात.

जिथे वाट, तिथे वहिवाटीचे भांडण आलेच. कालवा इजिप्तच्या भूमीत, पण नफा बाहेरच्यांच्या खिशात. इजिप्तचा राजा कर्जात बुडाला होता. सावकाराच्या देण्यात जमीन जावी, तसे झाले. १८७५ साली त्याने आपला वाटा इंग्रज सरकारला सुमारे ४० लाख पौंडांना विकला. पुढे एक्क्याऐंशी वर्षांनी, २६ जुलै १९५६ रोजी, इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी जाहीर केले, "कालवा आमच्या देशाचा!" त्यावर इंग्लंड, फ्रान्स आणि इस्रायल यांनी इजिप्तवर चढाई केली. पण साऱ्या जगाचा दाब आला आणि त्यांना माघार घ्यावी लागली. आपला देश त्या वेळी इजिप्तच्या बाजूने उभा राहिला होता.

१९६७ साली पुन्हा युद्ध पेटले. या खेपेला कालवा बंद पडला तो तब्बल आठ वर्षे. त्या दिवशी जी जहाजे कालव्यात होती, ती आतच कोंडली गेली. त्यांतली चौदा जहाजे कालव्याच्या मधल्या एका मोठ्या सरोवरात नांगर टाकून बसली. वाळवंटातली वाळू उडून त्यांच्यावर बसे, म्हणून लोक त्यांना 'पिवळा ताफा' म्हणू लागले. निरनिराळ्या देशांचे खलाशी तिथे एकमेकांच्या आधाराने राहिले. त्यांनी आपली आपण टपालाची तिकिटेसुद्धा तयार केली! १९७५ साली कालवा उघडला, तेव्हा त्यांपैकी फक्त दोन जहाजे स्वतःच्या इंजिनावर घरी गेली.

आता आपल्या जहाजाकडे येऊ. त्याचे नाव 'एव्हर गिव्हन'. मालक जपानचा. जहाज चालवायला घेतले होते तैवानच्या कंपनीने. झेंडा पनामा देशाचा. माल बहुतेक पूर्वेकडच्या देशांतला. निघाले होते हॉलंडमधल्या रॉटरडॅम बंदराकडे. आणि जहाजावरचे पंचवीसच्या पंचवीस खलाशी होते आपले, भारताचे. पाहा, एका जहाजात किती देश भरले होते ते!

हे जहाज केवढे होते? कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब असते. अशी तीस मैदाने एकापुढे एक आखा. तेवढी त्याची लांबी. त्याच्यावर मालाचे कंटेनर रचलेले होते. कंटेनर तुम्ही पाहिलेले आहेत. महामार्गावर लांब ट्रेलरवरून जातात ते लोखंडी पेटारे. वीस फुटी मापाने मोजले, तर असे १८,००० हून अधिक पेटारे त्या एका जहाजावर होते. तेवढा माल रस्त्याने न्यायचा म्हटला तर नऊ हजार ट्रेलर लागतील. ते एकाला एक चिकटून उभे केले, तर रांग मुंबईपासून जवळजवळ पुण्यापर्यंत पोहोचेल.

या पेटाऱ्याचीही एक गोष्ट आहे. पूर्वी बंदरात माल सुटा चढवीत. पोते पोते, खोका खोका, हमालांच्या पाठीवरून. एक जहाज भरायला कित्येक दिवस लागत. अमेरिकेत माल्कम मॅक्लीन नावाचा एक ट्रकमालक होता. त्याने विचार केला, की माल पुन्हा पुन्हा उतरवायचा कशाला? भरलेला पेटाराच ट्रकवरून उचलून जहाजावर ठेवला तर? एप्रिल १९५६ मध्ये त्याने असे ५८ पेटारे एका जहाजातून नेऊन दाखवले. त्या ५८ पेटाऱ्यांनी जगाचा व्यापार बदलला. माल पाठवण्याचा खर्च इतका उतरला, की एका देशातला कापूस, दुसऱ्या देशातली शिलाई आणि तिसऱ्या देशातले गिऱ्हाईक असा व्यवहार परवडू लागला. हमालांच्या हातचे काम मात्र पुष्कळ गेले. खर्च वाचावा म्हणून जहाजे मोठी होत गेली, आणखी मोठी होत गेली. कालवा रुंद केला गेला, पण जहाजे त्याहून झपाट्याने वाढली.

तर त्या दिवशी सकाळी वाळूचे वादळ सुटले होते. वारा जोराचा होता. रचलेल्या पेटाऱ्यांची भिंत एखाद्या शिडासारखी वारा धरते. त्यात कालवा अरुंद. अरुंद पाण्यात मोठे जहाज काठाजवळ गेले, की काठाच्या बाजूचे पाणी वेगाने मागे पळते, त्या बाजूचा दाब कमी होतो आणि जहाज काठाकडे ओढले जाते. चूक वाऱ्याची, वेगाची की सुकाणूवरच्या हुकमांची, यावर पुढे बराच वाद झाला. झाले ते असे, की जहाजाचे नाक एका काठात घुसले आणि शेपूट दुसऱ्या काठाला टेकले. कालव्याची रुंदी त्या जागी जहाजाच्या लांबीहून कमी. झाले! वाट बंद.

जगातला शंभर रुपयांचा व्यापार धरला, तर त्यातला सुमारे बारा रुपयांचा या एका वाटेने जात होता. मागे रांग लागली. शंभर जहाजे, दोनशे, तीनशे. शेवटी चारशेच्या वर गेली. कोणात तेल, कोणात धान्य, कोणात यंत्रे. काही जहाजांवर तर जिवंत गुरेमेंढरे होती. त्यांचा चारापाणी संपतो की काय, अशी चिंता पडली. जाणकारांनी अंदाज केला, की रोज ९०० कोटी डॉलरांहून अधिक किमतीचा माल अडून पडत आहे.

जहाज सोडवायला काय काय केले? एक पोकलेन आणले. आपल्याकडे विहिरी आणि शेततळी खणायला येते, तसलेच. त्या राक्षसी जहाजाच्या नाकासमोर ते मुंगीएवढे दिसत होते. त्याचे चित्र साऱ्या जगाच्या वर्तमानपत्रांत छापून आले. कित्येकांना हसू आले. पण तो चालक हसला नाही. तो खणत राहिला. पाण्याखालून गाळ ओढणारी मोठी जहाजेही कामाला लागली. सुमारे ३०,००० घनमीटर वाळू आणि गाळ त्यांनी उपसला. दहाबारा ओढबोटी जहाजाला दोर बांधून ओढत होत्या. हॉलंडहून या कामातले पटाईत लोक आले. तरी जहाज हलेना.

मग मदतीला कोण आले म्हणता? चंद्र!

आपल्या कोकणातल्या कोळ्याला विचारा. तो सांगेल, की अमावास्येला आणि पौर्णिमेला समुद्राला उधाण येते. सूर्य, चंद्र आणि पृथ्वी त्या दिवसांत एका ओळीत येतात. चंद्राची ओढ आणि सूर्याची ओढ एकत्र होते आणि भरती नेहमीपेक्षा वर चढते. जहाज अडकले होते कालव्याच्या तांबड्या समुद्राकडच्या टोकाला. तिथे भरतीओहोटी चांगली जाणवते. आणि पौर्णिमा होती २८ मार्चला. कोणती पौर्णिमा? आपली होळीची! रात्री आपल्याकडे होळ्या पेटल्या. उधाणाच्या भरतीने जहाजाखाली पाणी वाढले. पहाटे शेपूट काठापासून सुटले, आणि दुपारी सारे जहाज मोकळे झाले. तो दिवस आपल्या धुळवडीचा, २९ मार्च. सहा दिवसांनी वाट खुली झाली. यंत्रे माणसाची होती, पण ती चालली निसर्गाच्या वेळापत्रकाने.

वाट सुटली, पण जहाज सुटले नाही. इजिप्तने नुकसानभरपाई मागितली, आधी ९१ कोटी ६० लाख डॉलर, मग घासाघीस होऊन ५५ कोटी. तोवर जहाज सरोवरात अडकवून ठेवले. ७ जुलै २०२१ रोजी समेट झाला, तेव्हा ते पुढे गेले. मालकांचा आणि सरकारचा दावा चालू होता, आणि आपले बरेचसे खलाशी तोवर त्या जहाजावरच बसून होते. घरच्यांनी त्यांची काय काळजी केली असेल, ते ज्यांच्या घरचा माणूस बोटीवर आहे त्यांनाच कळेल. कोकणात अशी घरे थोडी नाहीत.

आता कोणी म्हणेल, "सहा दिवसांचा प्रश्न होता, मिटला. आमच्या शेताचा यात काय संबंध?"

म्हणून आणखी एक बातमी सांगतो. सुएझच्या वाटेला दोन तोंडे आहेत. वरचे तोंड कालव्याचे. खालचे तोंड तांबड्या समुद्राच्या दक्षिणेला आहे. त्या अरुंद सामुद्रधुनीला अरबी लोक 'बाब-अल-मंदेब' म्हणतात, म्हणजे अश्रूंचा दरवाजा. तिच्या काठावर येमेन देश आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये इस्रायल आणि गाझा यांच्यात युद्ध भडकले. त्याचे निमित्त करून येमेनमधल्या हुथी नावाच्या गटाने नोव्हेंबर २०२३ पासून येणाऱ्याजाणाऱ्या जहाजांवर हल्ले सुरू केले. विमाने उडवायची तर कोट्यवधींचा खर्च, पण ड्रोन आणि क्षेपणास्त्रे त्या मानाने स्वस्त. एवढ्याशा गटाने जगातल्या मोठमोठ्या कंपन्यांची वाट फिरवली. २६ जानेवारी २०२४ रोजी एडनच्या आखातात एका तेलवाहू जहाजाला क्षेपणास्त्राने आग लागली. त्यावरही बावीस खलाशी भारताचे होते. आपल्या आरमाराची 'विशाखापट्टणम' ही युद्धनौका धावून गेली आणि तिच्या जवानांनी आग विझवायला मदत केली.

जहाजकंपन्यांनी काय केले? वाट सोडली. आफ्रिकेला वळसा घालण्याची ती जुनीच वाट धरली, दीडशे वर्षांपूर्वीची! इजिप्तला २०२३ साली कालव्यातून सुमारे १,००० कोटी डॉलर मिळाले होते. २०२४ साली ते सुमारे ४०० कोटींवर आले. नांगर टाकून बसलेल्या नावाड्यासारखी त्या देशाची गत झाली.

आणि इकडे नाशिक जिल्ह्यात तेव्हा काय चालले होते? द्राक्षांचा हंगाम. निफाड, दिंडोरी भागातली द्राक्षे निवडून, खोक्यांत भरून, शीतपेटीच्या कंटेनरमध्ये न्हावा शेवा बंदरात जातात. तिथून जहाजाने युरोपात. हॉलंड हे त्यांचे मोठे गिऱ्हाईक. म्हणजे त्या रुतलेल्या जहाजाला जिथे जायचे होते, त्याच देशात आपले द्राक्ष जाते! २०२४ च्या हंगामात हा प्रवास दोनेक आठवड्यांनी लांबला. कंटेनरचे भाडे दुपटीहून वर गेले. द्राक्ष म्हणजे लोखंड नव्हे. ते वाट पाहत नाही. जास्त दिवस समुद्रावर राहिले की देठ सुकतो आणि मणी गळतो. जोखीम वाढली की व्यापारी हात आखडता घेतो, आणि तो आखडलेला हात शेवटी बागेतल्या भावावर पडतो.

बघा, साखळी कशी जुळली. गाझात युद्ध, येमेनमध्ये हल्ला, आफ्रिकेला वळसा, आणि भाव पडला निफाडला. ज्याने बाग राखली, त्याने यातले काहीच केले नव्हते. तरी भार त्याच्या खांद्यावर आला. भार नेहमी उताराकडे वाहतो. ज्याच्याजवळ धरून ठेवायला गोदाम नाही, थांबायला पैसा नाही आणि विचारायला माहिती नाही, त्याच्याकडे तो येऊन थांबतो.

यातल्या पहिल्या दोन गोष्टी एका दिवसात होत नाहीत. त्यांना सोसायटी लागते, शीतगृह लागते, एकी लागते. पण तिसरी गोष्ट तुमच्या हातात आलेली आहे. तुम्ही वाचायला शिकला आहात. उद्या व्यापारी बांधावर येऊन म्हणाला, "काका, जहाजे बंद आहेत, भाव निम्मा घ्या," तर मान डोलावून गप्प बसू नका. विचारा, "कोणती वाट बंद आहे? किती दिवस जास्त लागतात? भाडे किती वाढले? किलोमागे ते किती पडते?" भाडे किलोमागे चार रुपये वाढले असेल आणि तो भाव वीस रुपयांनी पाडत असेल, तर मधले सोळा रुपये कुठे गेले, हा हिशेब करायला दूरची बातमी ठाऊक असावी लागते. सगळेच व्यापारी फसवतात असे आम्ही म्हणत नाही. पण माहीत असलेल्या माणसाशी जो तो जपून बोलतो.

बायाबापड्यांनीही हे लक्षात घ्यावे. तेल, खत, गॅस यांची वाटही समुद्रावरूनच येते. बाजारात भाव चढला की "महागाई आली" एवढेच आपण म्हणतो. ती कोणत्या वाटेने आली, हे विचारत नाही. ते विचारायला शिकावे.

भाषण संपवतो. जाताना एक काम करा. वर्गात जगाचा नकाशा टांगलेला आहे. चौघे चौघे मिळून त्याच्यापुढे उभे राहा. न्हावा शेव्यावर बोट ठेवा आणि तांबड्या समुद्रातून, सुएझमधून, रॉटरडॅमपर्यंत न्या. मग तेच बोट आफ्रिकेला वळसा घालून न्या. दोन्ही वाटा एकदा स्वतःच्या बोटाने चालून पाहा. पुढच्या वेळी वर्तमानपत्रात सुएझ हा शब्द दिसला, की तुमची नजर तिथे आपोआप थांबेल.